व्हॅम घातलं, पण डीएपी खत दिलेल्या पिशव्यांत रोपांच्या मुळांमध्ये बुरशी शिरलीच नाही. नकार कोणाचा, बुरशीचा की रोपाचा?

कातळकडेची रोपवाटिका

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा सविस्तर मांडते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आमची छोटी रोपवाटिका राजापूर तालुक्यात, खाडीवरून चढून वर आलं की कातळाच्या कडेला आहे. मुख्य काम काजूचं. खुंटाची रोपं पिशवीत वाढवायची आणि त्यावर वेंगुर्ला ४ किंवा वेंगुर्ला ७ या जातीची काडी बांधायची. जोडीला थोडी आंब्याची कोयकलमं, थोडी मिरी. पिशवीत जांभ्याची तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. शिवाय प्रत्येक पिशवीला चिमूटभर डीएपी. ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत, मीही कधी मोडली नाही.

यंदा पहिल्यांदाच व्हॅम आणलं, म्हणजे मायकोरायझाची, मुळांत राहून झाडाला मदत करणाऱ्या बुरशीची पावडर. विकणारा म्हणाला, खत बंद करू नका, दोन्ही मिळून दुप्पट काम होतं. मला ते पटेना, म्हणून पन्नास-पन्नास पिशव्यांच्या चार रांगा केल्या. पहिलीला फक्त व्हॅम, दुसरीला व्हॅम आणि डीएपी, तिसरीला फक्त डीएपी, चौथीला काहीच नाही. माती एकच, पाणी एकच, सावलीची जाळीही एकच.

दोन महिन्यांनी भाची सुट्टीत आली. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. येताना छोटा मायक्रोस्कोप घेऊन आली होती. पडवीच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडून तिने बारीक मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात उकळली, धुतली आणि व्हिनेगरमध्ये लिहायची शाई घालून त्यात रंगवली. मग एकेक तुकडा मी स्वतः भिंगाखाली पाहिला. पहिल्या रांगेत दहा तुकड्यांपैकी आठांत पेशींच्या मधून निळे तंतू धावत होते, आणि काही पेशींच्या आत तर फांद्या फुटलेलं इवलंसं झाडच दिसत होतं. मी किती वेळ डोळा लावून बसले होते मला आठवत नाही. तीस वर्षं रोपं हाताळते आहे, मुळाच्या आत हे असतं ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या रांगेत, व्हॅम तेवढंच घातलेलं असून, दहांत एकच तुकडा निळा. तिसरी रांग जवळजवळ कोरी. आणि चौथीत, जिला काहीच दिलं नव्हतं, दहांत पाच.

वरून पाहाल तर डीएपीच्या दोन्ही रांगा वीतभर उंच, पानं काळपट हिरवी. गिऱ्हाईक तीच उचलणार.

माझे प्रश्न असे. खताने बुरशी मरते का? तसं असेल तर दुसऱ्या रांगेच्या मातीत भाचीला बीजाणू धड स्थितीत कसे दिसले? आणि रोपच तिला आत घेत नसेल तर त्याला कळतं कसं, कुठे ठरतं? चौथ्या रांगेत बुरशी आली कुठून?

मुळाखालचं जग

ताई, चौथ्या रांगेला काहीच दिलं नाहीत म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर देता येतंय. मी मूळचा गुहागरकडचा, कामाने बाहेर असतो, आणि काम मुळांचंच आहे. उत्तर लांबेल, पण हा विषय मला थोडक्यात उरकवत नाही.

तुमच्या खताने बुरशी मेली नाही. रोपाने तिला बोलावलंच नाही.

जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमने तो घट्ट धरून ठेवलेला असतो. जो थोडा सुटा असतो तो मातीत फार हळू सरकतो. त्यामुळे मुळाने आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा एकदा ओरपला की तिथे खडखडाट. बुरशीचा तंतू मुळावरच्या केसापेक्षाही बारीक असतो आणि तो या रिकाम्या पट्ट्याच्या कितीतरी सेंटिमीटर पलीकडे जाऊन स्फुरद आणतो. मोबदला झाड देतं, साखर आणि चरबीच्या रूपात. पानांनी बनवलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के वाटा यात जातो असं मानतात. एवढा खर्च झाड गरज असेल तेव्हाच करतं.

गरज भासली की मूळ मातीत एक रसायन सोडतं, स्ट्रिगोलॅक्टोन. याचा शोध वेगळ्याच वाटेने लागला. घाटावर ज्वारीच्या मुळांवर टारफुला नावाचं परजीवी तण चढतं ते तुम्ही ऐकलं असेल. त्याचं बी कशाने रुजतं हे शोधताना १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावात हे द्रव्य सापडलं. मग प्रश्न उभा राहिला की आपल्याच शत्रूला जागं करणारं द्रव्य झाड का सोडेल? उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हेच द्रव्य लागल्यावर मायकोरायझाच्या तंतूला भराभर फांद्या फुटतात. म्हणजे ती हाक बुरशीसाठी होती, टारफुला ती चोरून ऐकायला शिकला. पुढे २००८ मध्ये कळलं की हेच द्रव्य झाडाच्या आत संप्रेरक म्हणून वर फांद्या फुटणं रोखतं. स्फुरद कमी पडला की झाड वरचा फुटवा आवरतं आणि खाली मदत मागतं, दोन्ही एकाच रेणूने.

हाक ऐकून बुरशीही उलट खूण पाठवते, कायटिनच्या लहान साखळ्यांची. ती पोचली की मुळाच्या पेशींच्या केंद्रकात कॅल्शियमचे ठोके सुरू होतात, कमी-जास्त, कमी-जास्त. कुळीथ, वाल, चवळी यांच्या मुळांवर गाठी येतात ना, नत्राच्या? तिथेही हीच यंत्रणा वापरली जाते. मायकोरायझाची जुनी वाट होती, शेंगवर्गीयांनी ती पुढे गाठींसाठी घेतली. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळच्या दगडात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीची झाडं जशीच्या तशी राहिली आहेत. त्यांना धड मुळं नव्हती, पण तुम्ही पाहिलीत तशी निळ्या झाडासारखी रचना त्यांच्या पेशींत आहे.

आत शिरतानाही बुरशी मनाने घुसत नाही. तंतू बाहेर टेकला की आतली पेशी काही तासांत आपल्याच पोटातून तिच्यासाठी बोगदा तयार करते, मग तंतू त्यातून जातो. आत जे झुडूप होतं (अर्बस्क्यूल याचा अर्थच छोटं झाड) त्याच्या प्रत्येक फांदीभोवती झाडाचा स्वतःचा पातळ पडदा गुंडाळलेला असतो. देवाणघेवाण त्या पडद्यातून. असं झुडूप काही दिवसच टिकतं, मग पेशी ते पचवून टाकते आणि पुन्हा नव्यासाठी मोकळी होते.

आता हिशेब किती काटेकोर असतो ते पाहा. मेडिकागो नावाच्या, मेथीच्या जवळच्या रोपात स्फुरद आत घेणारं प्रथिन २००७ मध्ये बिघडवून पाहिलं. बुरशी स्फुरद आणतच होती, पण तो पेशीपर्यंत पोचत नव्हता. रोपाने ती झुडपं वेळेआधीच मोडून टाकली. २०११ मध्ये त्याच बिघडलेल्या रोपांना नत्राचीही उपासमार केली, तेव्हा झुडपं टिकली. म्हणजे झाड स्फुरदाबरोबर नत्राचीही गरज पाहतं. तुमच्या डीएपीत दोन्ही आहेत, १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद. चिमूटभर असली तरी पिशवीभर मातीला ती पुष्कळ झाली.

रोपाला कळतं कसं? पेशीत पीएचआर नावाचं प्रथिन असतं, त्याला भुकेच्या कामांचा मुकादम समजा. स्फुरद पुरेसा असताना एसपीएक्स नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. स्फुरद घटला की पकड सुटते आणि मुकादम कामाला लागतो. स्ट्रिगोलॅक्टोन तयार करणं, बुरशीची खूण ओळखणं, स्फुरद आत घेणारी प्रथिनं बनवणं, या सगळ्यांची कळ तो दाबतो. हे भातात २०२१ मध्ये चांगलं उलगडलं. ज्या भातात हा मुकादम मुद्दाम जादा केला होता, त्याने भरपूर स्फुरद असतानाही बुरशीला आत घेतलं. खताने बुरशी मरत असती तर हे झालंच नसतं.

आणि कुठे ठरतं? हे एका मुळावर ठरत नाही. एकाच रोपाची मुळं दोन कुंड्यांत विभागून एकीला स्फुरद दिला तर दुसऱ्या, उपाशी कुंडीतल्या मुळांतही बुरशी कमी शिरते. निरोप वरच्या बाजूने, खोडापानांतून फिरून येतो.

चौथ्या रांगेतली बुरशी तुमच्याच मातीतली. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाही, पण बीजाणू मातीत वाट पाहत पडून राहतात.

देवगडचो कलमवालो

ताई, मी शिकलेला शेतकरी वगैरे नाही, दीडशे हापूसची कलमं सांभाळतो. पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक, पिशव्यांना बुरशीनाशक ओतता का? मर लागू नये म्हणून कार्बेन्डाझिम ओतायची आमच्याकडे सगळ्यांना सवय. ते चांगल्या-वाईट बुरशीत भेद करत नाही. चारही रांगांत सारखं ओतलं असेल तर ठीक, नाहीतर तुमची तुलना बिघडली.

दोन, आमची आजी म्हणायची, "कलमाक लय खावक घालू नको, मुळां आळशी होतत." मी लहानपणी हसायचो. वरचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला आणि सकाळी जाऊन आजीने लावलेल्या कलमाच्या आळ्यातला पालापाचोळा हाताने बाजूला करून पाहिला. खाली माती भुसभुशीत, बारीक मुळांची नुसती जाळी. शेजारच्या ज्या कलमांना मी दरवर्षी आळं खणून भरपूर खत घालतो, तिथे एवढी बारीक मुळं नाहीत. भिंग माझ्याकडे नाही. पण यंदा दोन आळी न खणता ठेवणार आहे.

कातळकडेची रोपवाटिका

दादा, काजूबी पेरण्याआधी एकदाच बुरशीनाशकात बुडवून घेतली होती, चारही रांगांची एकत्रच. नंतर काही ओतलं नाही. विचारलंत ते बरं केलंत, पुढच्या वेळी वहीत लिहून ठेवीन.

आणि गुहागरचे भाऊ, तुमचं उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचं वय ब्याऐंशी. मुकादमाचं त्यांना लगेच कळलं. त्यांनी विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "मग खताच्या पिशवीत ते हाक मारायचं औषधच घातलं तर? उंचीही मिळेल, बुरशीही."

माझीही अडचण तीच आहे. पहिल्या रांगेची रोपं बुटकी. मुळं कितीही चांगली असली तरी गिऱ्हाईक पिशवी फाडून बघत नाही. आणि खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्याशिवाय काडी बांधता येत नाही.

मुळाखालचं जग

तुमच्या सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न प्रयोगशाळेतही विचारला गेला आहे. वाटाण्याच्या रोपांना भरपूर स्फुरद देऊन वरून स्ट्रिगोलॅक्टोनही देऊन पाहिलं, २०११ मध्ये. बुरशी तरीही आत आली नाही. हाक ही फक्त पहिली पायरी. तृप्त रोप पुढच्या पायऱ्याही बंद ठेवतं, खूण ओळखण्यापासून बोगद्यापर्यंत. बाहेरून एक द्रव्य घालून ते फिरत नाही.

आणखी एक लगाम आहे. मुळांत पुरेशी बुरशी झाली की रोप स्वतःहूनच पुढची थांबवतं. मुळांत छोटी पेप्टाइडं तयार होतात, ती खोडातल्या यंत्रणेला कळवतात आणि नव्या मुळांत शिरकाव कमी होतो. शेंगवर्गीयांत नत्राच्या गाठी मर्यादित ठेवण्याची रीतही अशीच आहे. म्हणून व्हॅमची दुप्पट मात्रा दिली तरी दुप्पट बुरशी होत नाही. पाकिटावरचे पैसे वाचवा.

बुरशीही काही मोफत राबत नाही. २०११ मध्येच दाखवलं गेलं की जे मूळ जास्त साखर देतं तिकडे ती जास्त स्फुरद वळवते. २०१७ मध्ये तर कळलं की ती स्वतः चरबी बनवूच शकत नाही, ती झाडाकडूनच घेते. म्हणून सावली फार झाली की हे सहजीवन मंदावतं, कारण देण्यासारखं पानांकडेच कमी असतं. तुमची सावलीची जाळी किती दाट आहे? पाऊस ओसरला की थोडी उघडून पाहा.

उंचीचं म्हणाल तर सुरुवात उपाशी, शेवट भरलेला, असं करून पाहा. पहिले दोन महिने डीएपी बंद. मातीत मिसळायचंच तर थोडं रॉक फॉस्फेट मिसळा. आपली माती आम्लधर्मी, त्यात ते हळूहळू विरघळतं, त्यामुळे रोप एकदम तृप्त होत नाही. नत्रही थोडं आणि विभागून. बुरशी बसली की पुढे बेताने द्या, पण पन्नासच पिशव्यांवर. सगळी रोपवाटिका एका वर्षात बदलू नका, हे तुमचं पोट आहे.

लांज्याची नाचणी

मध्येच बोलते, पण भातशेतीतला प्रश्न आहे. आम्ही अजून रोपासाठी दाढ भाजतो. शेण, पालापाचोळा, कवळं रचून पेटवायचं, मग पेरायचं. कुठेतरी वाचलं होतं की धुरातलं काहीतरी आणि ही मुळांतली बुरशी यांचा संबंध आहे. खरं का?

दुसरं, ताई, पिशव्या उचलल्यावर त्या रिकाम्या जागेत तुम्ही काय घेता? आम्ही माठ आणि मुळा टाकतो.

मुळाखालचं जग

धुराचं खरं आहे, पण जपून समजून घ्यायला हवं. जळलेल्या झाडोऱ्याच्या धुरात कॅरिकिन नावाची द्रव्यं असतात, ती २००४ मध्ये ओळखली गेली. वणव्यानंतर काही बिया त्यांच्यामुळे रुजतात. ती द्रव्यं ओळखणारं प्रथिन भातातही आहे, आणि २०१५ मध्ये दिसलं की ते नसलेल्या भातात मायकोरायझा शिरूच शकत नाही. म्हणजे ज्या प्रथिनाने झाड धूर ओळखतं तेच बुरशीसाठी मुळाला तयार करतं. यावरून भाजावळीने बुरशी वाढते असा अर्थ मात्र काढू नका. भाजताना वरचा मातीचा थर तापतो आणि त्यात बीजाणूही असतात. शिवाय भात लावणीनंतर पाण्यात उभा राहतो आणि पाणी तुंबलेल्या मातीत ही बुरशी कमीच असते. वरकस जमिनीवरच्या तुमच्या नाचणीला तिचा उपयोग जास्त.

माठ आणि मुळा मात्र बदला. मुळा, मोहरी, कोबी यांच्या कुळाने हे सहजीवन केव्हाच सोडून दिलंय, त्यासाठी लागणारी जनुकंसुद्धा हरवली आहेत. माठ-पालकही सहसा बुरशीला आत घेत नाहीत. त्या वाफ्यातले बीजाणू हंगामभर मुळाविना राहतात. त्याऐवजी चवळी, कुळीथ किंवा मका घ्या. त्यांच्या मुळांवर बुरशी पोसली जाईल आणि ताई, तीच माती तुम्ही पुढच्या पिशव्यांत मूठमूठ घालू शकाल. व्हॅमच्या पाकिटातली बुरशीही अशीच, कुठेतरी जिवंत मुळांवर वाढवलेली असते.

कातळकडेची रोपवाटिका

आमच्या मागच्या वाफ्यात गेली सात-आठ वर्षं लाल माठ आणि मुळाच असतो, आणि पिशव्यांची माती मी तिथूनच उचलत होते. हे वाचून जरा वेळ गप्पच बसले.

ठरलंय ते लिहिते. जाळीचा एक पट्टा उद्याच काढते, खरोखरच दाट आहे. पहिल्या रांगेतल्या पंचवीस पिशव्यांना आता थोडं थोडं खत सुरू करते, पंचवीस तशाच ठेवते, आणि काडी बांधण्याजोगी जाडी कुठल्या पिशवीत आधी येते ते तारखेनिशी लिहिते. नव्या पिशव्यांसाठी माती आमच्या वरच्या बागेतून आणणार. तिथे जुन्या काजूखाली कधी नांगर लागलेला नाही.

भाचीला ते दोन कुंड्यांतल्या मुळांचं स्वतः करून पाहायचंय. काजूला सोटमूळ, ते विभागताना रोप मरेल असं ती म्हणते, म्हणून मका घेतोय. रोप जरा मोठं झालं की अर्धी मुळं एका पिशवीत, अर्धी दुसऱ्या पिशवीत. दोन्हीत वरच्या बागेची माती, डीएपी एकाच पिशवीला. ती दिवाळीला परत येईल तेव्हा उपाशी पिशवीतली मुळं उकळून बघू. शाईची बाटली तिने इथेच ठेवलीय. मका सासऱ्यांनी आत्ताच भिजत घातला.